यानाविना आलेली स्वारी

मे महिना संपत आला, वळवाच्या दोन-चार सरी पडून गेल्या, की राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात काजवे पेटतात. ऐन, हिरडा, जांभूळ, जे झाड त्यांना मानवेल ते शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लुकलुकायला लागतं. कोल्हापूर-सांगलीहून, कोकणातून लोक गाड्या करून बघायला येतात. डोळे दिपतात, आणि त्या नादात एक गोष्ट ध्यानात येत नाही: काजवा चमकतो तो बोलण्यासाठी. उडणारा नर ठरावीक लयीत उजेड पाडतो, पानावर बसलेली मादी ठरावीक वेळ थांबून त्याला उत्तर देते. किती वेळ चमकायचं, किती वेळ विझायचं, हे जातीजातीचं वेगळं. उजेड नुसता वाहक, खरा मजकूर त्या लयीत असतो.

अमेरिकेत फोट्युरिस नावाचे काजवे आहेत. त्यांच्यातल्या काही माद्या दुसऱ्या जातीच्या मादीचं उत्तर हुबेहूब देतात. त्या जातीचा नर विश्वासाने शेजारी येऊन उतरतो आणि खाल्ला जातो. जेम्स लॉइड या कीटकशास्त्रज्ञाने 1965 साली हे शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. या शिकारीत शिकारी जागचा हलतही नाही. तो फक्त निरोप पाठवतो, पुढचं सगळं भक्ष्य स्वतःच्या पंखांनी, स्वतःच्या श्रमांनी पार पाडतं.

लॉइडच्या आधी चार वर्षं, नेमक्या याच युक्तीवर एक टीव्ही मालिका होऊन गेली होती. 'ए फॉर अँड्रोमेडा' हे तिचं नाव. बीबीसीवर 3 ऑक्टोबर 1961 ते 14 नोव्हेंबर 1961, दर मंगळवारी एक, असे तिचे सातच भाग दाखवले गेले. परग्रहावरच्या आक्रमकांची ही गोष्ट, पण त्यात एकही उडती तबकडी नाही, अंतराळयान नाही, हिरवा माणूस नाही. कल्पना होती फ्रेड हॉयल यांची आणि पटकथाकार जॉन एलियट यांच्यासोबत त्यांनी ती लिहिली. हॉयल केंब्रिजमधले नामांकित खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी शिजतात हे उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा. 'बिग बँग' हा शब्दही त्यांनीच 1949 साली बीबीसी रेडिओवर उच्चारलेला, आणि तो सिद्धान्त त्यांना स्वतःला कधीच पटला नाही.

त्या शरद ऋतूत हॉयल यांच्या हाताखाली संशोधन करणारा एक तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता, कोल्हापुरात 19 जुलै 1938 रोजी जन्मलेला. जयंत विष्णू नारळीकर. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मार्टिन राइल यांनी रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं पुढे करून हॉयल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धान्तावर जोरदार हल्ला चढवला होता आणि त्याला उत्तर देण्याच्या कामी हा मुलगा गुरूबरोबर उभा होता. दिवसा आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अर्थ काय यावर भांडण, आणि मंगळवारी संध्याकाळी गुरूंच्याच मालिकेत त्याच लहरींमधून आलेलं संकट! भारतात तेव्हा टीव्ही म्हणजे दिल्लीतला एक प्रयोग होता, मुंबईलाही तो 1972 साली पोचला. आपल्याकडे ही मालिका कुणाच्या कानावरही न येणं साहजिक होतं. पण तिच्यातला विचार मात्र पुढे मराठीत आला असं मला वाटतं, त्याकडे मी येतोच.

आधी हे पाहू की हॉयल यांनी यान का टाळलं. 1977 साली सोडलेलं व्हॉयेजर-1 आज सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे. या वेगाने सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याइतकं, म्हणजे सव्वाचार प्रकाशवर्षांचं अंतर कापायला त्याला जवळपास 75,000 वर्षं लागतील. रेडिओ लहरीला लागतात सव्वाचार वर्षं. वस्तू पाठवणं महाग, निरोप पाठवणं स्वस्त. कोल्हापूरचा तांबडा रस्सा न्यू जर्सीतल्या लेकीकडे पाठवायचा तर किती खटपट, पण कृती सांगायला एक फोन पुरतो. मटण तिथलं, शेगडी तिथली, रस्सा मात्र कोल्हापूरचा. 1959 साली कोकोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी नेमकं हेच मांडलं होतं: परग्रहावर कुणी असेल तर ते हायड्रोजनच्या 1420 मेगाहर्ट्झ या कंप्रतेच्या आसपास बोलत असण्याची शक्यता आहे. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकला 26 मीटर व्यासाची दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवून कान दिला. काही ऐकू आलं नाही.

मालिकेत मात्र ऐकू येतं. यॉर्कशरच्या माळावर नवी रेडिओ दुर्बीण उभी राहते आणि उद्घाटनाच्या तोंडावरच देवयानीच्या, म्हणजे अँड्रोमेडाच्या, दिशेकडून एक संदेश यायला लागतो. जॉन फ्लेमिंग नावाच्या तरुण शास्त्रज्ञाच्या लक्षात येतं की ही एका संगणकाची रचना आहे, त्याला चालवण्याच्या सूचना आहेत आणि त्यात भरायची माहितीही आहे. सरकार खर्च उचलतं, स्कॉटलंडमधल्या एका लष्करी तळावर ते यंत्र उभं राहतं. बांधणारे आपणच, वीज आपली, पैसा आपला. मग यंत्र उलट प्रश्न विचारायला लागतं, त्याला बांधणारे जीव कशाचे बनले आहेत ते विचारतं. उत्तरं मिळताच ते सजीव पेशी घडवण्याची कृती देतं. प्रयोगशाळेत काम करणारी क्रिस्टीन त्या यंत्राच्या विद्युत्-अग्रांना हात लावून मरते आणि तिच्याच साच्यावर यंत्र एक तरुणी घडवून घेतं. ती अँड्रोमेडा. दोन्ही भूमिका ज्युली क्रिस्टी या नाट्यशाळेतून नुकत्याच आलेल्या मुलीने केल्या. तिचा जन्म आसाममधल्या चहाच्या मळ्यातला. चारच वर्षांनी 'डॉक्टर झिवागो'ने ती जगभर पोचली.

आता तारखा जुळवून बघा. सजीवांची जनुकीय लिपी वाचण्यातला पहिला शब्द निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी मे 1961 मध्ये उलगडला, ऑगस्टमध्ये मॉस्कोत तो जगापुढे मांडला, आणि ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर एक यंत्र रेडिओवरून आलेल्या सूचनांनी सजीव घडवत होतं! हॉयल आणि एलियट यांनी हे लिहिलं तेव्हा पेशी म्हणजे लिहिता-वाचता येणारा मजकूर आहे ही जाणीव मोजक्या प्रयोगशाळांपलीकडे गेलेली नव्हती.

आपल्या शरीराची कृती किती मोठी, याचा हिशेब कुणालाही करता येतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरं असतात. अक्षरं चारच प्रकारची, म्हणून प्रत्येक अक्षराला दोन बिट पुरतात. झाले 600 कोटी बिट. सेकंदाला दहा लाख बिट या आजच्या हिशेबाने अगदी संथ गतीने पाठवायचं म्हटलं, तरी 6,000 सेकंद, म्हणजे शंभर मिनिटं. राधानगरी ते कोल्हापूर एसटीने जाऊन थोडं थांबावं, तेवढ्या वेळात एका माणसाचा अख्खा आराखडा प्रकाशाच्या वेगाने निघून गेलेला असेल. अर्थात तो वाचून त्यातून जीव उभा करणारी पेशी पलीकडे असावी लागते. मालिकेतल्या यंत्राने म्हणूनच तर आधी आपली चौकशी केली.

हे आता निव्वळ कल्पनेतही राहिलेलं नाही. 2002 साली अमेरिकेत एकार्ड विमर यांच्या गटाने पोलिओचा विषाणू त्याच्या नुसत्या लिखित जनुकक्रमावरून रसायनं जोडत तयार केला. 2010 साली क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने दहा लाखांहून जास्त अक्षरांचा एका जिवाणूचा जनुकसंच असाच घडवून दुसऱ्या पेशीत बसवला, आणि ती पेशी त्या नव्या मजकुराप्रमाणे जगायला, वाढायला लागली.

या मालिकेतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथून निघालेला निरोप इथे पोचतो तेव्हा पाठवणाऱ्यांचा वंशसुद्धा संपलेला असू शकतो. त्यांना आपलं नाव माहीत नव्हतं, पृथ्वी माहीत नव्हती, निरोप निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूसच नव्हता. आक्रमक मेलेला आहे आणि आक्रमण चालू आहे! लढायचं कुणाशी? एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांना निदान आपले जंतू तरी मारू शकले. इथे शत्रू म्हणजे एक वाचलेलं वाक्य, आणि त्याला हात-पाय देणारे आपणच, कारण ते यंत्र सरकारला क्षेपणास्त्रविद्या देतं, जखमा भरून काढणारं विकर देतं. फ्लेमिंग सुरुवातीपासून ओरडत असतो, पण ज्याचा फायदा दिसतो आहे ते यंत्र बंद कोण करणार? अखेर तो कुऱ्हाड उचलतो.

नारळीकरांनी विज्ञानकथा लिहायला घेतल्या त्या 1974 पासून. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा धाडली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. टोपणनावाची आद्याक्षरंही त्यांच्या स्वतःच्याच आद्याक्षरांची उलटी मांडणी. पुढे आलेली त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी 'ए फॉर अँड्रोमेडा'शेजारी ठेवून वाचावी, असं मी आग्रहाने सांगेन. उत्खननात एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीची पेटी सापडते. तिच्यातल्या माहितीवरून शास्त्रज्ञ आधी एक महासंगणक आणि मग वामन नावाचा यंत्रमानव उभारतात. वामनाला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात, आणि ती जुनी संस्कृती कशाने बुडाली याचं उत्तर त्यातच दडलेलं असतं. हॉयल यांचा निरोप आकाशातून येतो, नारळीकरांचा जमिनीखालून. एक अवकाश ओलांडून, दुसरा काळ ओलांडून. पाठवणारे दोन्हीकडे नाहीसे झालेले आणि धोका दोन्हीकडे वाचणाऱ्याच्या हुशारीत. शिष्याने गुरूची कल्पना उचलली असं मी म्हणत नाही. तीन पावलांत त्रिभुवन व्यापणाऱ्या बटूची कथा आपल्याकडे आधीपासून आहे, आणि दारात आलेल्या लहानशा पाहुण्याला बळी राजाप्रमाणे आपणच वर देतो, हे मराठी वाचकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मला ही कादंबरी तिच्या ब्रिटिश भावंडापेक्षा जास्त खोल रुतलेली वाटते.

मालिकेचं स्वतःचं नशीब मात्र खडतर निघालं. त्या काळी चित्रफिती महाग असत आणि प्रक्षेपण झाल्यावर त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. 'ए फॉर अँड्रोमेडा' जवळजवळ सगळी गेली. अनेक दशकांनी सहाव्या भागाची प्रत हाती लागली, तेवढा एकच भाग आज पूर्ण बघता येतो. बाकीच्यांचे काही तुकडे आहेत. इटलीच्या दूरचित्रवाणीने 1972 साली आणि बीबीसीने 2006 साली ही गोष्ट नव्याने केली, पण उरलेला तो कृष्णधवल भाग पाहताना जी धग लागते ती नव्या आवृत्तीत नाही. ज्युली क्रिस्टी त्यात फारशी हलत नाही, आवाज चढवत नाही, तिच्या चेहऱ्यावर समोरच्याविषयी राग तर दिसतच नाही. परकेपण दाखवायला तिला मुखवटा लागला नाही.

पृथ्वीवर पुसले गेलेले ते भाग आकाशात मात्र अजून चाललेले आहेत. त्या काळच्या टीव्हीच्या लहरी वातावरणातून बऱ्याचशा आरपार निघून जात. 1961 च्या त्या मंगळवारांच्या लहरी 25 प्रकाशवर्षांवरच्या अभिजितपाशी 1986 च्या सुमारास पोचल्या, 1998 मध्ये स्वाती ओलांडून गेल्या, ब्रह्महृदय मागे पडलं, आणि आता त्या 65 प्रकाशवर्षांवरच्या रोहिणीच्या जवळपास आहेत. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात त्या क्षीण होत गेल्या आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही दुर्बिणीला इतक्या लांबून त्यातून चित्र उभं करता येणार नाही.

ज्या देवयानीवरून हे सारं सुरू झालं, ती राधानगरीतून नुसत्या डोळ्यांनी दिसते. दिवाळीच्या आगेमागे, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊ-साडेनऊला दाजीपूरच्या बाजूला दिव्यांपासून दूर उभं राहा. डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडे दोन ठळक तारे मोजा, दुसऱ्यापासून काटकोनात वायव्येकडे वळा, दोन मंद तारे ओलांडले की धुरकट पुसट डाग सापडतो. नुसत्या डोळ्यांना सहज दिसू शकणाऱ्या वस्तूंमध्ये याहून दूरचं काही नाही. साधी द्विनेत्री असेल तर त्याचा लांबट आकारही कळतो.

पुढे हॉयल यांचं मन लहरींवरून प्रत्यक्ष जिवांकडे वळलं. चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासोबत त्यांनी मांडलं की जीवनाचं बी अवकाशातूनच, धूमकेतूंवाटे, पृथ्वीवर पडलं आणि अजूनही पडतं आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. नारळीकरांनी ते तपासून पाहायचं ठरवलं. इस्रोच्या साहाय्याने 2001 मध्ये आणि पुन्हा 2005 मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडले गेले, निर्जंतुक नळकांड्यांमध्ये 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणली गेली. 2005 च्या नमुन्यांची तपासणी हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या दोन संस्थांनी वेगवेगळी केली. बरेचसे जिवाणू ओळखीचेच निघाले, पण तीन जाती पूर्वी कुठेच नोंदलेल्या नव्हत्या आणि अतिनील किरणांना त्या आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा जास्त पुरून उरत होत्या. 2009 साली निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने सांगितलं की एवढ्यावरून त्या पृथ्वीबाहेरून आल्या असं सिद्ध होत नाही, पण शोध पुढे चालू ठेवायला हुरूप मात्र येतो. पृथ्वीवरचीच धूळ तितकी वर गेली असेल का, हा प्रश्न तिथेच उभा आहे.

त्या तिघांपैकी एका जिवाणूला 'जॅनिबॅक्टर होयली' असं नाव दिलं आहे, फ्रेड हॉयल यांच्यावरून. त्याचा जनुकसंचही आता वाचून झाला आहे. तीस लाखांहून जास्त अक्षरांचा तो मजकूर खुल्या संग्रहात ठेवलेला आहे, आणि राधानगरीच्या एसटी स्टँडवर बसूनही तो कुणालाही मोबाइलवर काही क्षणांत उतरवून घेता येतो.