चादर उचलून पाहा : वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्र निवडताना

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या परिचयातले एक निवृत्त मुख्याध्यापक आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. त्यांच्या पत्नी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वीही झाली. पण पुढे काय? मुलगा-सून दोघे नोकरीनिमित्त पुण्याला, गुरुजी स्वतः ७८ वर्षांचे. बाईंना आधार देऊन उठवायलाही घरात माणूस नाही. मुलाने तीन केअर सेंटरची रंगीत माहितीपत्रके माझ्या टेबलावर मांडली आणि म्हणाला, "काका, यातले कुठले चांगले, तेवढे सांगा."

तिन्ही पत्रकांवर बाग होती, हसणारे आजी-आजोबा होते आणि 'घरच्यासारखी काळजी' हे शब्द होते. मी ती बाजूला सारली आणि म्हटले, "यावरून मलाही सांगता येणार नाही. मी स्वतः यात एकदा फसलो आहे."

२०१६ साली माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखाना सांभाळून त्यांचे सगळे करणे जमेना, म्हणून शेजारच्या शहरातील एका संस्थेत त्यांना ठेवले. पाहायला गेलो तेव्हा चकचकीत फरशी, फुलझाडे, पांढऱ्या पोशाखातल्या मुली पाहून समाधान वाटले. दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी भेटायला जाई. वडील आंघोळ करून, पावडर लावून खुर्चीत बसवलेले असत. तिसऱ्या आठवड्यात एका लग्नाहून परतताना रात्री नऊच्या सुमारास न कळवता गेलो. वडील ओल्या चादरीवर पडून होते. कूस वळवली तर माकडहाडाजवळ तळहाताएवढी जखम. रोज लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची पाठ तपासणारा मी, माझ्या वडिलांची पाठ एकदाही पाहिली नव्हती. ते सांगणार तरी कसे? ती जखम भरायला चार महिने लागले.

त्या अनुभवातून जे शिकलो तेच त्या मुलाला सांगितले आणि तेच आज वाचकांसमोर ठेवतो आहे.

आधी गरज कोणती ते ठरवा

वृद्धाश्रम, नर्सिंग होम आणि शुश्रूषा केंद्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वृद्धाश्रमात बहुधा स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश असतो. नर्सिंग होम म्हटले की आपल्याकडे छोटे इस्पितळ किंवा प्रसूतिगृह समजले जाते. ज्यांना इस्पितळाची गरज उरली नाही, पण जेवण, आंघोळ, संडास-लघवी, औषधे, व्यायाम यांसाठी दुसऱ्याचे हात लागतात, त्यांच्यासाठी शुश्रूषा केंद्र.

त्यातही दोन प्रकारचे रुग्ण असतात. गुरुजींच्या पत्नींसारख्यांना काही आठवडे व्यायाम देऊन पुन्हा चालते करून घरी आणायचे असते. काहींची मात्र कायमची देखभाल करावी लागते. पहिल्या प्रकारच्या रुग्णाला नुसते पडून राहण्याच्या ठिकाणी ठेवले, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणूस अंथरुणाला खिळतो. म्हातारपणी अंथरुणात पडून राहिल्यास मांड्यांचे स्नायू काही दिवसांतच कमजोर होऊ लागतात.

सर्वांत अशक्त रुग्ण पाहा

संस्था दाखवणारे तुम्हाला दर्शनी खोली दाखवतील, हिंडते-फिरते आजोबा भेटवतील. तुम्ही मात्र अगदी अंथरुणावर असलेल्या रुग्णांचा विभाग पाहू देण्याची विनंती करा. रुग्णाची अब्रू राखायची म्हणून आत नेत नसतील तर ते समजू शकते. पण दारातूनही पाहू देत नसतील तर विचार करा.

बेडसोअर म्हणजे काय ते समजून घ्या. पडून राहिलेल्या माणसाच्या हाडाचा आणि गादीचा दाब मधल्या कातडीवर येतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत कातडी मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा या जागा धोक्याच्या. पहिली खूण म्हणजे तांबूस डाग. बोटाने दाबल्यावरही तो फिका पडत नसेल, तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. उपाय म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे आणि पोटात पुरेसे अन्न जाणे. हवेच्या गादीची मदत होते, पण तिच्यामुळे कूस बदलणे टळत नाही. शिवाय वीज गेली की ती गादी बसते.

कूस बदलल्याची नोंद ठेवतात का, विचारा. नोंदवही दाखवली तर दुपारी चार वाजता रात्री आठपर्यंतच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या नाहीत ना, एवढे पाहा. "इथे आल्यावर बेडसोअर झालेले रुग्ण किती?" हा प्रश्न जरूर विचारा. "आमच्याकडे कधीच होत नाही" या उत्तरापेक्षा "मागे एकांना झाला होता, मग आम्ही अमुक केले" असे सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवीन.

डोळे, नाक आणि कान वापरा

हे तपासायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. लघवीचा वास क्षणभर येणे साहजिक आहे. सगळ्या इमारतीत तो मुरलेला नसावा. फिनेल आणि उदबत्तीचा अतिरेकी वासही संशयास्पदच. रुग्णांची नखे कापलेली आहेत का? पुरुषांची दाढी केलेली आहे का? ज्यांना चष्मा आहे त्यांच्या डोळ्यांवर तो आहे, की कपाटात? कवळी तोंडात आहे, की डबीत? चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र काढून घेतले की शहाणासुरता माणूस दोन दिवसांत भ्रमिष्ट दिसू लागतो.

पाण्याचा पेला हाताशी आहे का पाहा. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे न मागताही पाणी पाजावे लागते. भर दुपारी अकरा-बारा वाजता सगळेच गाढ झोपलेले असतील तर झोपेची औषधे कोणाच्या सल्ल्याने दिली जातात ते विचारा. कोणाचे हात बँडेजच्या पट्टीने पलंगाला बांधलेले दिसले तर त्याचेही कारण विचारा. लघवीची नळी वैद्यकीय गरजेसाठी घालावी, मावशींचा त्रास वाचावा म्हणून नव्हे. नळीची पिशवी कमरेच्या पातळीखाली लटकलेली असावी, जमिनीला टेकलेली नसावी.

जेवणाच्या वेळी थांबता आले तर फार उत्तम. अर्धांग झालेल्या रुग्णाला ताठ बसवून, लहान घास देऊन, आधीचा गिळल्याची खात्री करून भरवावे लागते, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसते ठेवावे लागते. आडवे ठेवून घाईने पेज ओतली तर ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो.

रात्री कोण असते?

दिवसाचा कारभार सगळीकडे बरा असतो. खरी परीक्षा रात्री असते. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात, हा आकडा विचारा. त्यांत शिकलेली नर्स असते का? पांढरा पोशाख घातला म्हणजे नर्स होत नाही. तिने एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेले असावे व महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी असावी. डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री तब्येत बिघडली तर कोणाला बोलावतात, कोणत्या इस्पितळात आणि कशातून नेतात, याची उत्तरे तोंडपाठ असली पाहिजेत.

मावशी आणि मामा किती दिवसांपासून कामावर आहेत, हेही त्यांच्याशी गप्पा मारताना सहज विचारावे. शुश्रूषा त्यांच्याच हातून होते. दर महिन्याला जिथे मावशी बदलतात, तिथे त्यांना धड पगार नाही किंवा काम झेपण्यापलीकडचे आहे असे समजावे. त्याचा त्रास शेवटी रुग्णालाच होतो.

आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून रुग्ण दगावले. न चालणारी माणसे दुसऱ्या मजल्यावर असतील तर आगीच्या वेळी त्यांना खाली कोण आणि कुठून आणणार, हे विचारायला संकोच करू नका.

व्यायामाची चौकशी

'फिजिओथेरपीची सोय' एवढ्या शब्दांवर भागवू नका. पदवीधर फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतात, एका रुग्णाला किती वेळ देतात? त्यांचा अर्धा तास संपल्यावर उरलेल्या दिवसात काय होते? खुर्चीत बसवणे, संडासापर्यंत चालवत नेणे, स्वतःच्या हाताने जेवू देणे हाही व्यायामच. भरवणे सोपे, जेवू देणे वेळखाऊ. चांगली संस्था तो वेळ देते.

"आईला घरी न्यायच्या वेळी तिला काय काय करता यायला हवे, आणि त्यासाठी तुम्ही काय कराल?" असे सरळ विचारा. जाणती माणसे उलट तुम्हालाच विचारतील : घराला पायऱ्या किती, संडास भारतीय पद्धतीचा आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, पूर्वी बाई कुठपर्यंत चालत जात? प्रवेशापूर्वी जी संस्था तुम्हाला पैशांखेरीज काहीच विचारत नाही, तिथे रुग्णाचा वेगळा विचार होत नाही.

कागदपत्रे आणि पैसे

संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. केवळ धर्मादाय न्यास म्हणून नोंदणी असणे म्हणजे आरोग्यसेवेची परवानगी नव्हे. जिथे आजाऱ्यांवर उपचार व शुश्रूषा होते, तिथे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचे प्रमाणपत्र आहे का, व त्याची मुदत संपलेली नाही ना, ते विचारावे.

महिन्याच्या रकमेत काय येते आणि काय येत नाही, हे लेखी घ्या. डायपर, औषधे, ड्रेसिंग, फिजिओथेरपी यांचे पैसे वेगळे असतील तर दरमहाचा आकडा बराच फुगतो. अनामत केव्हा परत मिळते, मध्येच इस्पितळात हलवावे लागले तर त्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात का, हेही त्यातच असावे. महाग म्हणजे चांगले हे मात्र मनातून काढा. अनुभवी नर्सने मन लावून चालवलेले सहा खाटांचे साधे केंद्र मोठ्या इमारतीपेक्षा सरस असू शकते.

ठेवल्यानंतरचे काम

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. संस्था निवडली की आपले काम संपत नाही. पहिला महिनाभर वेगवेगळ्या वेळी जा : कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी, कधी रात्री. भेटीच्या वेळांबद्दल फार कडक असलेली संस्था नकोच. प्रत्येक भेटीत दार लावून घ्या, चादर उचला, पाठ, खुबे आणि टाचा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दर महिन्याला वजन करून घ्या. काही चुकीचे दिसले तर मावशीवर ओरडू नका. प्रमुखांना शांतपणे सांगा, लिहून द्या आणि चार दिवसांनी पुन्हा पाहा. सुधारणा नसेल तर रुग्णाला हलवा. छळ किंवा हेळसांड दिसली तर ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

आईवडिलांना बाहेर ठेवल्याबद्दल चार लोक बोलतात आणि आपलेही मन खात असते. त्या अपराधीपणामुळे अनेक मुले जाणेच कमी करतात. ते मात्र करू नये. ज्यांच्याकडे वारंवार माणसे येतात, त्या रुग्णाकडे सगळ्यांचेच लक्ष राहते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

गुरुजींच्या मुलाने तिन्ही ठिकाणी संध्याकाळी सातनंतर चक्कर मारली. सर्वांत सुंदर पत्रक असलेल्या ठिकाणी घंटा वाजवून वीस मिनिटे कोणी आले नव्हते. त्याने तिसरे, साधेसे केंद्र निवडले. तिथल्या सिस्टरने त्याला पहिला प्रश्न विचारला, "आईंना चहा किती गोड लागतो?" गेल्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला. बाई वॉकर धरून दारापर्यंत चालल्या, असे ते म्हणाले. मी विचारले, "पाठ पाहिलीत?" ते म्हणाले, "मी रोज पाहतो."