सात हाली, सहा कलदार

महत्तम साधारण विभाजक आणि लघुतम साधारण विभाज्य हीं नांवें ऐकतांच घरांतील मुलांचे चेहरे उतरतात. हें गणित केवळ परीक्षेपुरतें, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः आपल्याच मुलखांत एके काळीं त्यावांचून रुपया मोडून घेणेंही कठीण होतें.

हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा हें गांव घ्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेथें हाली रुपया चाले. पैनगंगेपलीकडील वऱ्हाडांत मात्र इंग्रजी, म्हणजे कलदार. शंभर कलदारांस ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै, हा सरकारी दर.

या अवघड आंकड्यांत काय दडलें आहे तें पाहूं. रुपयाच्या पै १९२. म्हणून एकीकडे १९२००, दुसरीकडे २२४००. मोठ्या संख्येस लहान संख्येनें भागावें, बाकी ३२००. त्या बाकीनें १९२०० ला भागावें. भाग ६ येतो व बाकी कांहींच उरत नाहीं. शेवटचा भाजक ३२००, तोच महत्तम साधारण विभाजक. जुन्या पुस्तकांतला दृढभाजक. त्यानें दोन्ही संख्यांस भागिलें कीं उरतात ७ आणि ६. सहा कलदार म्हणजे सात हाली, एवढाच तो दर !

याचा उपयोग काय ? एखाद्या शेतकऱ्याच्या हातीं शंभर कलदारांबद्दल कोणी नुसते ११६ ठेवले, तर १० आणे ८ पै बुडाले. तोच सहाच्या पटींत, ९६ किंवा १०२ कलदार घेऊन गेला, तर ११२ किंवा ११९ हाली पुरते मिळावयाचे. अपूर्णांक नाहीं, म्हणून वादही नाहीं.

ही रीत इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० वर्षें युक्लिडानें ग्रथित केली. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें सांगितलेल्या कुट्टकाचा पायाही तीच. पुढें भास्कराचार्यांनीं लीलावतींत कुट्टकास स्वतंत्र प्रकरण दिलें.

विभाज्याचें उदाहरण पंचांगांत आहे. गुरु स्थूलमानानें १२ वर्षांत राशिचक्र फिरतो, शनि ३० वर्षांत. गुणाकार ३६०, त्यास महत्तम विभाजक ६ नें भागिलें कीं ६०. म्हणजे साठ वर्षांनीं दोघेही बहुतेक पूर्वस्थानीं येतात; आणि आपलीं संवत्सरेंही साठच.

हाली नाणें १९५९ सालीं चलनांतून गेलें. रीत मात्र राहिली आहे. ती पाठ करावयास लावण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एखाद्या रात्रीं पंगतींत मुलांस एवढेंच विचारावें : नव्वद कलदारांचे हाली किती ?