मुलांना कुंग फू शिकवावयाचे तर आरंभ कोठून करावा?

गेल्या काही वर्षांत खेडोपाडीच्या मुलांच्या खेळात एक नवी भर पडली आहे. मधल्या सुट्टीत जेथे आट्यापाट्या व सूरपारंब्या रंगत, तेथे आता दोन मुले मुठी आवळून, पवित्रा घेऊन एकमेकांसमोर उभी ठाकलेली दिसतात. चित्रपटांनी आणि मोबाइलवरील चित्रफितींनी ‘कुंग फू’ हा शब्द वाडीवस्तीपर्यंत पोहोचविला आहे. त्यामागोमाग तालुक्याच्या गावाहून वर्ग चालविणारे प्रशिक्षकही येऊ लागले आहेत. अशा वेळी पालक मुलाला घेऊन शाळेत येतो आणि विचारतो, “गुरुजी, पोराला क्लासला घालू का? आणि घातला तर कोणत्या?” पालक हा प्रश्न विश्वासाने विचारतो व बहुधा शिक्षकाच्या शब्दावरच निर्णय घेतो. म्हणून या विषयाची निदान तोंडओळख प्रत्येक प्राथमिक शिक्षकास असावी, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

शब्दाचा अर्थ

‘कुंग फू’ या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाही. दीर्घकाळ परिश्रम करून अंगी बाणलेले कौशल्य, असा त्याचा अर्थ आहे. उत्तम स्वयंपाक करणाऱ्याच्या किंवा सुंदर अक्षर काढणाऱ्याच्या हातातही चिनी मनुष्य ‘कुंग फू’ आहे असे म्हणू शकतो. युद्धकलेस चीनमध्ये ‘वूशू’ असे नाव आहे व आज क्रीडास्पर्धांत तेच रूढ आहे. १९९० साली बीजिंग येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत वूशूचा समावेश झाला. आपल्याकडील शालेय क्रीडास्पर्धांतही हा प्रकार खेळला जातो. ‘दीर्घ परिश्रम’ हा मूळ अर्थ मुलांना प्रथम सांगावा. चित्रफितीत पाहून जे एका दिवसात येते ते कुंग फू नव्हे, एवढे त्यावरून त्यांच्या ध्यानात येईल.

उत्तरेची व दक्षिणेची परंपरा

कुंग फू ही एकच एक विद्या नसून तिच्या शेकडो शाखा आहेत. ‘दक्षिणेची मूठ व उत्तरेचा पाय’ अशा आशयाची एक म्हण चीनमध्ये प्रचलित आहे. उत्तरेकडील पद्धतींत हालचाली लांब, मोकळ्या व वेगवान असून लाथा आणि उड्या यांना महत्त्व असते. दक्षिणेकडील पद्धतींत पाय जमिनीत रोवल्यासारखे स्थिर ठेवून हातांचे आखूड व जोरकस प्रहार केले जातात. अर्थात ही विभागणी ढोबळ आहे. तिसरा एक वर्ग ताई ची यांसारख्या संथ पद्धतींचा असून त्यांत श्वास, तोल आणि शरीराची शिथिलता यांवर भर असतो. हनान प्रांतातील शाओलिन मठाचे नाव मुलांना चित्रपटांमुळे ठाऊक असते. परंतु ‘शाओलिन’ हेही एका पद्धतीचे नाव नसून पद्धतींच्या मोठ्या कुटुंबाचे आहे.

चीनमधील एक बोधप्रद प्रयोग

आरंभ कोणत्या पद्धतीने करावा, हा प्रश्न चीनमधील जाणत्या मंडळींपुढेही होता. पूर्वी प्रत्येक वस्ताद आपापली विद्या निवडक शिष्यांनाच देत असे. १९१० साली शांघाय येथे चिंगवू नावाची व्यायामसंस्था स्थापन झाली. विख्यात मल्ल ह्वो य्वानच्या यांचे नाव तिच्याशी निगडित असून त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या संस्थेने निरनिराळ्या परंपरांचे वस्ताद एका छताखाली आणले व स्त्रियांनाही प्रवेश दिला. परंतु तिचा खरा विशेष अभ्यासक्रमात होता. गरुडपंजा, प्रार्थनाकीटक अशा विशेष पद्धतींकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्याने दहा पायाभूत मालिका शिकाव्यात, असा तिचा क्रम होता. या दहांपैकी पहिली मालिका ‘तानथुई’ ही होय. पाया सर्वांचा समान आणि शाखेची निवड त्यानंतर, असे या प्रयोगाचे सार आहे.

आपल्या तालमीतील वस्तादही नव्या पोराला पहिल्याच दिवशी धोबीपछाड शिकवीत नाही. तो त्याला हौदा खणावयास लावतो, जोर-बैठका काढून घेतो, मान व कंबर तयार करतो आणि मग डावाकडे वळतो. तेव्हा ही दृष्टी आपणास परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रमुख पद्धती व त्यांची बालवयास उपयुक्तता

तानथुई : ‘उसळता पाय’ असा या नावाचा अर्थ सांगतात. ही उत्तरेकडील पद्धत आहे. हिच्या दहा किंवा बारा ओळी असतात. प्रत्येक ओळीत थोड्याच हालचाली असून त्या एकदा उजवीकडून व एकदा डावीकडून करीत सरळ रेषेत पुढे जावयाचे असते. त्यामुळे मूल गोंधळत नाही, दोन्ही अंगांना सारखा व्यायाम घडतो व कवायतीप्रमाणे अनेक मुलांना एकाच वेळी शिकविता येते. आरंभासाठी ही पद्धत उत्तम होय.

छांगछ्वान : ‘लांब मूठ’ असा याचा शब्दार्थ आहे. १९५० नंतरच्या दशकात चीनमध्ये उत्तरेकडील जुन्या पद्धतींच्या आधारे हिचे प्रमाणित स्वरूप तयार करण्यात आले व नवशिक्यांसाठी सोप्या मालिकाही बसविण्यात आल्या. धावणे, उडी मारणे, तोल सांभाळणे आणि अंग ताणणे या बालकाच्या स्वाभाविक प्रवृत्तींना ती अनुकूल आहे. चित्रपटांतून प्रसिद्धीस आलेले जेट ली हे आठव्या वर्षी बीजिंग येथे वूशू शिकू लागले व पुढे चीनचे राष्ट्रीय विजेते झाले. मुलांच्या या आवडत्या नायकाचा आरंभही पवित्र्यांच्या रोजच्या सरावातूनच झाला, हे त्यांना आवर्जून सांगावे.

हुंग गार : ही दक्षिणेकडील जोरकस पद्धत होय. खाली बसून घेतलेला घोडेस्वाराचा पवित्रा दीर्घकाळ टिकविणे व स्नायू आवळून हालचाली करणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. ती उत्तम असली तरी थोड्या मोठ्या वयास शोभणारी आहे.

विंग चुन : ही जवळच्या अंतरावरून लढण्याची पद्धत आहे. तिची पहिली मालिका एकाच जागी, गुडघे किंचित आत घेऊन उभे राहून करावयाची असते. त्यानंतर दोघांनी हाताला हात भिडवून स्पर्शाने अंदाज घेण्याचा सराव येतो. या बारकाव्यांना जो धीर लागतो तो आठ-नऊ वर्षांच्या मुलात सहसा नसतो. ब्रूस ली यांनी ही पद्धत हाँगकाँग येथे इप मान यांच्याकडे शिकावयास घेतली, ती किशोरवयात.

ताई ची : १९५६ साली चीनमध्ये तिची चोवीस हालचालींची सुलभ मालिका तयार करण्यात आली. संथपणामुळे लहान मुले हिला कंटाळतात. मात्र शिक्षकांना स्वतःसाठी ती उपयुक्त ठरेल.

सान्दा : ही प्रत्यक्ष प्रहारांची स्पर्धा आहे. संरक्षक साधने, पंच व अनुभवी मार्गदर्शक यांवाचून ती होऊ नये. प्राथमिक शाळेतील बालकाचा आरंभ हिने मुळीच करू नये.

माकड, मद्यपी इत्यादींच्या नकलेवर आधारलेल्या पद्धती चित्रपटांत मनोरंजक दिसतात. परंतु तोल गेल्याचे सोंग करावयास तोलावर पूर्ण ताबा असावा लागतो, यास्तव त्या शेवटी शिकावयाच्या होत.

वयाचा विचार

सहा-सात वर्षांच्या बालकास खेळ, नक्कल आणि उड्या यांपलीकडे काही नको. आठ ते अकरा या वयात पवित्रे व छोट्या मालिका चांगल्या साधतात. जोडीदाराशी प्रहारांचा सराव त्यानंतर व तोही स्पर्श न करता सुरू व्हावा. बालकाची हाडे टोकांजवळील मऊ भागातून वाढत असतात व हा भाग पौगंडावस्था सरेपर्यंत पक्का होत नाही. तेथे झालेली इजा कायमचे व्यंग ठेवू शकते. म्हणून कौले किंवा विटा फोडणे, मुठीवर जोर काढणे, पाठीवर दाब देऊन पाय फाकविणे हे प्रकार मुलांकडून कधीही करवून घेऊ नयेत.

एका शाळाभेटीत मला चौथीतील एक मुलगा डाव्या हाताने लिहिताना आढळला. चौकशी करता कळले की, गावात आलेल्या एका प्रशिक्षकाने प्रात्यक्षिकात त्याच्याकडून कौल फोडवून घेतले होते. टाळ्या पुष्कळ पडल्या. परंतु त्याच्या उजव्या मनगटाची सूज तीन आठवडे उतरली नव्हती. त्या प्रात्यक्षिकास शाळेनेच मैदान दिले होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रशिक्षकाची पारख

कित्येकदा गावाजवळ एकच वर्ग असतो व पद्धतीची निवड करण्यास वाव नसतो. अशा वेळी पद्धतीच्या नावापेक्षा शिकविणाऱ्याची रीत पाहावी. चांगल्या वस्तादाच्या हाताखाली कोणत्याही पद्धतीचा पाया मुलास लाभतो. परवानगी देण्यापूर्वी शिक्षकांनी एक तास स्वतः बसून पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) आरंभी अंग मोकळे करण्याचा व शेवटी विसाव्याचा व्यायाम होतो काय?

(२) जमीन मऊ व खडेविरहित आहे काय? एका प्रशिक्षकाकडे वीस-पंचविसांहून अधिक मुले तर नाहीत ना?

(३) पवित्रे व तोल यांवर वेळ दिला जातो, की पहिल्याच आठवड्यात मुलांना एकमेकांवर सोडले जाते?

(४) चुकणाऱ्या मुलास छडी किंवा अपमान सहन करावा लागतो काय? शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शाळेतील बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. शाळेच्या आवारात बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकासही ही मर्यादा पाळावयास लावणे आपले कर्तव्य होय.

(५) मुलींच्या वर्गास शिक्षिका किंवा गावातील जबाबदार स्त्री हजर असते काय?

(६) दर दोन महिन्यांनी नवा रंगीत पट्टा व त्याबद्दल नवे शुल्क अशी रीत तर नाही ना? रंगीत पट्ट्यांची प्रथा जपानी जूदो व कराटे यांतून आली आहे. जुन्या चिनी परंपरेत ती नव्हती. पट्टा देणे गैर नाही, परंतु त्यासाठी मजुराच्या घरावर कर्जाचा भार पडणे निश्चितच गैर आहे.

दमा, हृदयविकार, फिट येणे अशा तक्रारी असलेल्या मुलांबाबत पालकांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे पालकसभेत स्पष्ट सांगावे.

शाळेत काय करता येईल?

जेथे प्रशिक्षक नाही तेथेही शारीरिक शिक्षणाच्या तासात पायाभूत पाच पवित्रे करवून घेता येतील. पहिला धनुष्याचा : पुढचा गुडघा वाकविलेला व मागचा पाय ताठ. दुसरा घोडेस्वाराचा : पाय फाकून, पाठ सरळ ठेवून बसल्यासारखे उभे राहणे. तिसरा बैठा : एक पाय पूर्ण दुमडून दुसरा बाजूला जमिनीलगत लांब करणे. चौथा रिकाम्या पावलाचा : सर्व भार मागच्या पायावर व पुढच्या पायाची केवळ चवड्याची टोके जमिनीस लागलेली. पाचवा विसाव्याचा : पायांची आढी घालून खाली बसणे. या पाचांची एक छोटी मालिका चीनमध्ये नवशिक्यांना प्रथम शिकवितात. आपल्या मुलांना उकिडवे बसण्याची सवय असल्याने तिसरा व पाचवा पवित्रा त्यांना सहज जमतो, असा अनुभव आहे.

प्रत्येक पवित्रा पाच आकडे मोजेपर्यंत धरावा. गुडघा दुखू लागल्यास तत्काळ उंच व्हावे. आरंभी व शेवटी उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवून एकमेकांस वंदन करावे. शक्तीस सौजन्याने आवर घालावा, असा या वंदनाचा अर्थ सांगितला जातो. हौद्यातील मातीस हात लावून कपाळी लावणारा आपला मल्ल हाच भाव व्यक्त करतो. लेझीम, मल्लखांब, सूर्यनमस्कार यांची जागा कुंग फूने घ्यावी, असे मुळीच सुचवावयाचे नाही. ज्या शाळेत हे नियमाने चालते तेथील मुलांचा निम्मा पाया आधीच तयार असतो.

सारांश, पालक विचारावयास आला तर त्यास सांगावे की, लहान मुलासाठी मोकळ्या, लांब हालचालींची तानथुई किंवा छांगछ्वान यांसारखी पद्धत प्रथम निवडावी; ती जवळ नसेल तर पाया शिकविणारा, न मारणारा व घाई न करणारा प्रशिक्षक निवडावा; आणि विशेष शाखेची निवड मुलगा अथवा मुलगी बारा-तेरा वर्षांची झाल्यावर तिच्या कलाने होऊ द्यावी. ज्या शाळांत असे वर्ग चालू आहेत तेथील शिक्षकांनी वरील सहा मुद्द्यांनुसार पाहणी करून आपले अनुभव केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत मांडावेत, म्हणजे शेजारच्या शाळांनाही त्यांचा लाभ होईल.