कुतूहल : उलट्या विळख्याचा वेल

परसातला घेवडा काठीवर चढताना वरून नीट पाहा. त्याचा विळखा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातो. बिअरला कडवटपणा देणारा हॉप्सचा वेल मात्र काट्यांच्या दिशेनेच वळतो. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात किंवा जर्मनीतल्या हालरटाऊ भागात कोवळे शेंडे दोरीला गुंडाळतात, तेही याच दिशेने. उलटे गुंडाळले, तर ते सुटून येतात.

काकडीसारखे ताणे त्याला नसतात. खोडावरचे बारीक, आकडेदार केसच दोरी पकडतात. त्यांच्या जोरावर तो एका हंगामात सहा-सात मीटर चढतो! थंडीत वरचा भाग वाळतो, जमिनीखालचा गड्डा जिवंत राहतो.

खरी मेख लागवडीत आहे. पपईसारखेच यातही नर-मादी वेगळे. हवी असतात ती मादीची शंकूसारखी, कागदी पाकळ्यांची फुलं. पाकळ्यांच्या तळाशी असलेल्या पिवळ्या, चिकट पुडीत कडवटपणा आणि सुगंध दोन्ही असतात. बी पेरलं, तर नर उगवेल की मादी, हे सांगता येत नाही आणि आईचा स्वादही उतरेलच असं नाही. म्हणून उसाचं बेणं लावावं, तसा मादी वेलाच्या जमिनीखालच्या खोडाचा डोळे असलेला वीतभर तुकडा वसंतात लावतात. त्यातून मूळ वेलाची हुबेहूब प्रत उगवते.

या वेलाला उन्हाळ्यात लांब दिवस आणि हिवाळ्यात थंडीतली झोप लागते. म्हणूनच भारतात हॉप्सची शेती झाली, ती हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात.