जुन्या विमानाची छायाचित्रावरून ओळख

छायाचित्रातील अनोळखी विमान ओळखताना आधी पंखांची संख्या व जागा पाहावी, मग इंजिन, चाकांची मांडणी आणि शेपटीचा आकार. डी हॅविलँड कंपनीची ‘पस मॉथ’ आणि ‘लेपर्ड मॉथ’ ही विमाने सहज एकमेकांसारखी वाटतात. दोन्हींना वरच्या बाजूस एकच पंख, बंद केबिन आणि एकच इंजिन. मात्र लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होतो. नोंदणी-अक्षरे दिसली तर देश कळतो: ‘व्हीटी’ म्हणजे भारत, ‘जी’ म्हणजे ब्रिटन. काळही निर्णायक ठरतो. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला आले ते पस मॉथमधून. लेपर्ड मॉथचे पहिले उड्डाण १९३३ मधले. आकार, अक्षरे आणि काळ जुळले, तरच ओळख पक्की मानावी.