पाठीवरून जिभेवर

1969 साली ‘नेचर’ या नियतकालिकाने एका अजब खुर्चीची वार्ता छापली. सॅन फ्रान्सिस्कोत पॉल बाख-इ-रीटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाठीत 400 कंपक बसवले होते. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य अंध माणसाच्या पाठीवर थरथरत उमटे. आधी त्याला नुसत्या गुदगुल्या होत. कॅमेरा त्याच्याच हाती सोपवला, तेव्हा मात्र नवल घडले: वस्तू पाठीवर नव्हे, समोर असल्याचे भासू लागले. एकदा कुणीतरी अचानक भिंगाचा झूम फिरवला, तसा खुर्चीतला माणूस हात उंचावून झटकन मागे सरला. कंपने तर पाठीमागूनच येत होती!

पण ही अवजड खुर्ची घेऊन रस्त्यावर कोण चालणार? कंपकांऐवजी थेट विजेने मज्जातंतू चेतवावेत, तर यंत्र हलके होणार होते. इथेच घोडे पेंड खाऊ लागले. कातडी मोठी लहरी; कोरडी पडली की वीज अडवते, घामेजली की सारे गणित बदलते. विद्युतदाब वाढवला की स्पर्शाची जागा डंख घेई. प्रवाह एकाच दिशेने वाहत राहिला, तर इलेक्ट्रोडखाली आम्ल नि अल्क साचून त्वचा भाजण्याची धास्ती. आंधळ्याच्या हाती काठीऐवजी निखारा देण्यात काय शहाणपण?

उत्तर सापडले ते तोंडात. विस्कॉन्सिन विद्यापीठात कर्ट काझमारेक आणि मिचेल टायलर यांच्या साथीने बाख-इ-रीटांनी जीभ निवडली. ती सदैव ओली, लाळ वीज वाहून नेणारी, मज्जातंतूंची टोके अगदी पृष्ठभागालगत. बोटाच्या टोकाला लागणाऱ्या व्होल्टेजच्या जेमतेम 3 टक्क्यांत काम भागले! जेवढा विद्युतभार आत जाई तेवढाच उलट फिरवला जाई, म्हणजे साचायला काही उरतच नसे. 1998 साली 49 इलेक्ट्रोडांची पट्टी जिभेवर ठेवून माणसे आकार ओळखू लागली. सोड्याचे बुडबुडे फुटावेत, एवढीच चुणचुण.

2006 साली बाख-इ-रीटा गेले. जिभेवरच्या या यंत्राला, म्हणजे ‘ब्रेनपोर्ट’ला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) परवानगी मिळायला 2015 उजाडले. वर्षभराचे प्रशिक्षण पुरे केलेल्या 74 जणांपैकी 69 टक्के जण वस्तू ओळखण्याच्या चाचणीत उत्तीर्ण झाले. यंत्रामुळे गंभीर इजा कुणालाच झाली नाही. काहींची कुरकूर होती ती जिभेच्या जळजळीची आणि तोंडात रेंगाळणाऱ्या धातूच्या चवीची.