घरच्या संगणकाची वेळच्या वेळीं दुरुस्ती

संगणकावर काम चाललें असतां पडद्याच्या कोपऱ्यांत सूचना येते : नवें अपडेट आलें आहे, यंत्र पुन्हा सुरू करावें काय ? पुष्कळ घरांत या प्रश्नाला ‘नंतर पाहूं’ हेंच उत्तर मिळतें. चालतें आहे तें चालूं द्यावें, अशी त्यामागची समजूत असते. परंतु अपडेट म्हणजे केवळ नवी आवृत्ति नव्हे. अनेकदां ती सांपडलेल्या भगदाडाची डागडुजी असते, आणि तिला उशीर परवडत नाहीं.

विंडोजसारख्या प्रणालींत सूचनांच्या कोट्यवधि ओळी असतात. त्या माणसांनीं लिहिलेल्या असल्यामुळें त्यांत चुका राहतातच. एखाद्या चुकीच्या वाटेनें परका मनुष्य दुरून यंत्रांत शिरून आपले हुकूम चालवूं शकतो. चूक उमगतांच कंपनी दुरुस्ती तयार करून सर्वांना पाठविते. खरी मेख येथेंच आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली कीं चोरहि ती मिळवितात, जुना व नवा भाग शेजारीं ठेवून पाहतात, आणि काय बदललें यावरून भोक कोठें होतें तें ओळखतात. ज्या दिवशीं कुलूप दुरुस्त होतें, त्याच दिवशीं तें कसें उघडत होतें याचीहि दवंडी पिटली जाते. दुरुस्ती न बसविलेलें यंत्र त्या दिवसापासून पूर्वींपेक्षां अधिक उघडें पडतें.

याचा दाखला २०१७ सालीं साऱ्या जगाला मिळाला. एका जाळ्यांतील संगणकांना परस्परांच्या फाइली पाहतां याव्यात म्हणून विंडोजमध्यें जी सोय असते, तिच्यांत गंभीर दोष आढळला. मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. एक महिन्यानें त्याच दोषाचा फायदा घेणारें एक हत्यार चोरांनीं उघड्यावर मांडलें, आणि १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा किडा सुटला. कोणी कांहीं उघडण्याची त्याला गरज नव्हती. एका यंत्रांतून दुसऱ्यांत तो आपण होऊन शिरे, फाइली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठीं ३०० डॉलरची खंडणी मागे. सुमारें १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडींत सांपडले. इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेला रुग्णांच्या हजारों भेटी रद्द कराव्या लागल्या, आणि कांहीं रुग्णालयांना तातडीचे रोगी दुसरीकडे धाडावे लागले. बाधित यंत्रांपैकीं फार मोठा भाग विंडोज ७ चा होता. त्यांच्यासाठीं औषध ५९ दिवसांपूर्वींच तयार होतें; तें घेतलें मात्र गेलें नव्हतें.

अपडेटविषयीं शंका घेणारांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ हा दुसरा उत्पात झाला. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें कामहि त्यानें विसकटलें. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येंच चोरांनीं विष कालविलें होतें. पुढें १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटनें सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले. परंतु हें दुसरें सॉफ्टवेअर मुख्यतः मोठ्या संस्थांच्या यंत्रांवर होतें, घरच्या नव्हे. आणि नॉटपेट्या एकदां आंत शिरल्यावर ज्या वाटांनीं शेजारच्या यंत्रांत पसरला, त्यांतील एक वाट म्हणजे मार्चमध्यें बुजविलेलें तेंच भोक होय. औषधांत क्वचित् भेसळ होते म्हणून कोणी औषध सोडीत नाहीं. तें खात्रीच्या दुकानांतून घेतलें जातें.

आपोआप अपडेटांत ही खात्री यंत्रच करून घेतें. आलेल्या दुरुस्तीवर कंपनीची गणिती स्वाक्षरी असते. ती जुळली नाहीं तर यंत्र दुरुस्ती बसवीत नाहीं. उलट, वाचतांना मध्येंच उडी मारून ‘तुमचा संगणक धोक्यांत आहे, येथें दाबा’ म्हणणारी चौकट कोणीहि रचूं शकतो. म्हणून अपडेट यंत्राच्या सेटिंगमधूनच घ्यावें. ई-मेलमधील दुव्यावरून किंवा फोनवरील अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊं नये.

गृहस्थानें करावयाचें तें थोडकें आहे. प्रणालीची व ब्राउझरची आपोआप अपडेटची सोय चालू ठेवावी. वापरांत असलेला भाग बहुधा यंत्र पुन्हा सुरू झाल्याखेरीज बदलत नाहीं; त्यासाठीं रात्रीची वेळ नेमून द्यावी. घरांत इंटरनेट वाटून देणारा राउटर विसरूं नये. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी. ज्या प्रणालीला कंपनी दुरुस्त्याच देत नाहीं, तिच्यापुढें मात्र हा उपाय थकतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. अशा यंत्रावर पुढील आवृत्ति घ्यावी. तें शक्य नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार तरी करूं नयेत.

मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं निघतात. चोर तो वार ध्यानांत ठेवतात. घरच्या मंडळींच्या ध्यानांत तो राहीलच असें नाहीं. ही आठवण माणसाकडे न ठेवतां यंत्राकडे सोपविणें, एवढाच आपोआप अपडेटचा अर्थ आहे.